सूचनांच्या कागदात जे नसतं

रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांचे तयार संच शाळांमध्ये वापरले जातात. आम्ही पाहिलेल्या संचांच्या सूचनांमध्ये कुठं काय चिकटवायचं ते सगळं असतं. विमान नाकावर आपटलं तर काय करायचं, ते नसतं.

या विमानांचा मूळपुरुष पाहा. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत अल्फोन्स पेनो यांनी ते उडवलं. वजन अवघं १६ ग्रॅम. ११ सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेलं. लोकांच्या लक्षात राहतं ते रबर. खरी करामत मात्र शेपटीत होती. ती पंखांपेक्षा कमी कोनात बसवलेली असल्यानं नाक खाली-वर झालं तरी विमान आपोआप सावरे.

हे मुलांना कळावं तर आधी पीळ न देता विमान हलकेच सोडायला हवं. नाक वर करून अडखळलं, तर पंख थोडे मागे घ्यावेत किंवा नाकाला चिमूटभर चिकणमाती लावावी. सूर मारून खाली आलं, तर पंख पुढे सरकवावेत. संचात पंख पक्के चिकटवायला सांगतात, म्हणजे ही वाटच बंद! मग पहिल्याच फेकीत पडलेलं विमान ‘बिघडलं’ ठरतं आणि करणारं मूल स्वतःला ढ समजू लागतं. (क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तेवढा फळ्यावर असतो.) पंख डिंकानं न चिकटवता साध्या रबरबँडनं दांडीला बांधले, तरी पुरे.