फळ कुणाला?

अप्रेझलमध्ये मॅनेजर म्हणाले, "काम करत राहा, फळाची अपेक्षा नको." म्हणून विठ्ठलवाडीहून ऑफिसला जाताना लोकलमध्ये 'गीतारहस्य' वाचून काढलं.

टिळकांनी ते १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलं. छापून आलं १९१५ साली. त्यात निमूट राबणं नाहीच. स्वतःपुरत्या फळाची आसक्ती सोडायची, ती लोकसंग्रहासाठी झटता यावं म्हणून.

माझी अडचण पुढे आहे. लोकांचं भलं कशात, हे ठरवणार कोण? टिळकांचं उत्तर: स्थितप्रज्ञ. पण १८९१ साली, परक्या सरकारचा कायदा नको म्हणत, संमतिवयाच्या विधेयकाला त्यांनीच विरोध केला. त्या मुलींना कुणी विचारलं होतं?

मॅनेजरना एवढंच विचारीन: सर, फळ मला नको, पण ते जातंय कुणाला?