नर्मदातीरची कवटी आणि तिचे नामकर्ते

वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्यांत गिरड नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून टेकडीच्या अंगावर जायफळासारखे व सुपारीसारखे वाटोळे खडे सांपडतात. यासंबंधीं लोककथा अशी कीं, माल लादून चाललेल्या दोघां वणजाऱ्यांनीं फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल जागच्या जागीं दगड झाला. इंग्रजी अमदानींतील जिल्हा गॅझेटिअरांतहि ही कथा नमूद आहे. भूस्तरशास्त्र सांगतें कीं, हे खडे म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत साचलेले खनिजाचे गोळे होत. प्रस्तुत लेखकाच्या मेजावर असे दोन खडे पुष्कळ वर्षें पडून आहेत. पाहणारा बहुधा त्यांना प्रथम फळच म्हणतो. म्हणजे कथा रचणाराची नजर खोटी नव्हती. दिसण्यावरून त्यानें कुळी ठरविली, एवढाच त्याचा दोष.

नर्मदेच्या कांठीं सांपडलेल्या एका मानवी कवटीसंबंधीं गेल्या चाळीस वर्षांत जें लेखन झालें, तें एकत्र वाचून पाहतांना गिरडचे वणजारी आम्हांस वारंवार आठवले. या पानांवर सहसा ताम्रपट, बखरी व पोथ्या यांचाच विचार होतो; तेव्हां मानवाच्या उत्क्रांतीचा वाद येथें कशाला, अशी शंका येणें साहजिक आहे. आमचें उत्तर असें कीं, वाद अस्थींचा असला तरी त्यांतील प्रश्न आपल्या नित्य परिचयाचा आहे. आद्यन्त तुटलेली, पुष्पिका गळालेली अशी एकच प्रत हातीं आली असतां तिच्यावरून किती बोलावें?

प्रथम वस्तुस्थिति. आमच्या वर्धा नदीचा उगम बैतूल जिल्ह्यांत मुलताईच्या परिसरांत आहे. तेथून सातपुड्याचा माथा ओलांडला कीं पलीकडील ओढ्यांचें पाणी तवेंतून नर्मदेस जातें. त्या खोऱ्यांत, नर्मदेच्या उत्तर तीरावर, सीहोर जिल्ह्यांत हथनोरा गांव आहे; होशंगाबाद, म्हणजे हल्लींचें नर्मदापुरम्, तेथून दूर नाहीं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजीं तेथील गोट्यांच्या घट्ट थरांत कवटीचा उजवा अर्ध व त्यास लागून डाव्या बाजूचा कांहीं भाग मिळाला. खालचा जबडा नाहीं, दांत एकहि नाहीं. त्याच थरांत प्राचीन हत्ती, पाणघोडे, गोवंशीय पशु यांचीं हाडें व दगडी हातकुऱ्हाडी मिळतात. भारतवर्षांत इतकी प्राचीन मानवी कवटी दुसरी मिळालेली नाहीं. या एकटेपणामुळेंच तिचें मोल मोठें आणि तिच्यावरून चुकण्याचा संभवहि मोठा.

१९८४ सालीं सोनकिया यांनीं तिला ‘होमो इरेक्टस नर्मदेन्सिस’ असें नांव दिलें. म्हणजे जावा व पेकिंग येथील प्राचीन मानवाची ही नर्मदेकडील पोटजात. पुढील वर्षीं फ्रेंच पंडिता मारी-आंत्वानेत द लुम्ले यांच्यासह लिहितांना इरेक्टसच, पण पुढारलेल्या अवस्थेंतील, असें मत पडलें. नंतर १९९१ सालीं अमेरिकेंतील केनेथ केनेडी व सहकारी यांनीं सविस्तर मोजमापें करून ती इरेक्टस नव्हे, ‘प्राचीन वळणाचा होमो सेपिअन्स’ होय, असा निर्णय दिला. या निबंधाच्या लेखकांत स्वतः सोनकिया आहेत. सात वर्षांपूर्वीं स्वतःच ठेवलेल्या नांवावर जाहीर शंका घेणाऱ्या लेखाखालीं सही करणारा संशोधक आमच्या क्षेत्रांत विरळा. एकदां वाचलेला लेख पुन्हां वाचून ‘माझें वाचन चुकलें’ असें छापणारे आपल्यांत किती आहेत, हें वाचकांनीं आपल्या मनाशींच मोजावें.

तथापि नव्या निर्णयानें प्रश्न सुटला असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या अस्थींत जुनीं व नवीं लक्षणें मिसळलेलीं आढळतात आणि ज्यांना अन्यत्र जागा नाहीं, त्यांची ‘प्राचीन सेपिअन्स’ या नांवाखालीं रवानगी होत असे. दफ्तरखान्यांत ‘संकीर्ण’ अशी चिठ्ठी लावलेला एक रुमाल असतोच. त्यांत काय आहे हें त्या चिठ्ठीवरून कळत नाहीं, कशांत बसलें नाहीं एवढेंच कळतें. मेंदूच्या पोकळीचें मापहि असेंच डळमळीत आहे. अर्ध्या कवटीवरून उरलेला अर्ध कल्पावा लागत असल्यामुळें पद्धतीगणिक तें १,१५५ पासून १,४२१ घनसेंटिमीटरपर्यंत बदलतें. या दोन टोकांत एका बाजूस उत्तरकालीन इरेक्टस, तर दुसऱ्या बाजूस आजचा मनुष्य सुखानें मावतो.

पुढें कांहीं विद्वानांनीं तिला ‘होमो हायडेलबर्गेन्सिस’ या तिसऱ्या घराण्यांत घातलें. यावर आमचा मुख्य आक्षेप आहे. त्या घराण्याचा मूळ पुरुष, म्हणजे ज्यावरून १९०८ सालीं नांव ठेवलें गेलें ती वस्तु, जर्मनींत हायडेलबर्गजवळ माउअर येथें १९०७ सालीं मिळालेला खालचा जबडा होय. नर्मदेच्या कवटीस खालचा जबडाच नाहीं. म्हणजे मूळ प्रतीचें शेवटचें पान व आपल्या प्रतीचें पहिलें पान पुढें ठेवून दोन्ही एकाच संहितेचीं, असें म्हणण्यासारखें हें आहे. मधल्या कड्या आफ्रिकेंतील व युरोपांतील इतर कवट्यांनीं जोडल्या जातात हें खरें. पण मग साक्ष त्या कवट्यांची, माउअरची नव्हे. शीला आत्रेय यांनीं २००७ सालीं हाच प्रश्न संख्याशास्त्राच्या कसोटीला लावला, तेव्हां ही कवटी त्या घराण्यांत निश्चयानें बसवितां येत नाहीं, असें निघालें. आमच्या मतें या सर्व वाङ्मयांत हा लेख सर्वांत प्रामाणिक आहे, कारण ‘ठरत नाहीं’ हें उत्तर द्यायला तो भ्याला नाहीं. इकडे खुद्द त्या घराण्याचीच वाटणी होऊं लागली आहे. हें नांव रद्द करून आफ्रिकेकडील अस्थींना ‘बोडोएन्सिस’ म्हणावें, अशी सूचना २०२१ सालीं पुढें आली. दत्तक गेलेल्या मुलानें घरीं पोहोंचावें तों घर मोडलेलें, असा हा प्रकार.

याच स्थळीं मिळालेल्या गळ्याच्या हाडांवरून अनेक राम संख्यान यांनीं १९९७ सालीं आणखी एक मत मांडलें. तीं हाडें लहान चणीच्या मनुष्याचीं दिसतात, म्हणून त्या काळीं तेथें ठेंगणे लोक राहत असत, असें तें मत. हाडांचें वर्णन काळजीपूर्वक केलेलें आहे. परंतु कवटी व गळ्याचें हाड एकाच देहाचीं कीं दोन निरनिराळ्या जातींचीं, हें ठरविण्यास त्यांची परस्परसंगति सिद्ध झाली पाहिजे, आणि नेमकी तीच कच्ची आहे.

कच्ची कां, तें थरावरून कळतें. पुरानें वाहून आणलेल्या गोट्यांचा तो थर आहे. नदी कोणाचें हाड कोठून उचलील व कोणाशेजारीं ठेवील याचा नेम नसतो. कवटीसमवेतच्या एका गोवंशीय पशूच्या खांद्याच्या हाडावरून किमान २,३६,००० वर्षें असा काळ काढण्यांत आला होता. २००९ सालीं राजीव पटनाईक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच थरांतील जनावरांचे दांत तपासले, तेव्हां सुमारे ५० हजारांपासून १,६०,००० वर्षांपर्यंत निरनिराळे काळ निघाले. याचा अर्थ हा थर म्हणजे एका हातानें एका बैठकीत लिहिलेली वही नसून अनेक काळचीं पानें एकत्र शिवलेलें बाड आहे. बाडांतील एका पानावर शक लिहिलेला असला तर तो दुसऱ्या पानास लावतां येत नाहीं, हें येथें नव्यानें सांगावयास नको. असें असतां कवटीच्या आकृतीवर शेंकडों पृष्ठें खर्ची पडलीं, आणि थराच्या घडणीकडे त्या मानानें फार थोड्यांनीं पाहिलें.

सादृश्यावरून कुळी ठरविण्याचा याहून मोठा प्रमाद याच देशांतील अस्थींच्या बाबतींत घडून गेला आहे. १९३२ सालीं येल विद्यापीठाचे जी. एडवर्ड लुइस यांना हल्लींच्या हिमाचल प्रदेशांत हरितल्यांगर येथें वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. १९३४ सालीं त्यांनीं त्यास ‘रामापिथेकस’ म्हटलें. शिवाचें नांव पिल्ग्रिम यांनीं १९१० सालींच एका कपीस देऊन टाकलें होतें. मागाहून ब्रह्मा व सुग्रीव हेहि कामास आले. (नामकर्त्यांना रामायणाची गोडी असावी, पण कपिकुळांत रामास घालतांना कथेचा घोटाळा झाला, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.) १९६१ पासून एल्विन सायमन्स यांनीं या तुकड्याची दुसरी बाजू कल्पनेनें पुरी करून दंतपंक्ति माणसासारखी कमानदार असल्याचें प्रतिपादिलें, आणि मानवाचा आद्य पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशीं सांपडला म्हणून तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. १९६७ सालीं सारिच व विल्सन यांनीं रक्तांतील प्रथिनांवरून मनुष्य व आफ्रिकेंतील कपि यांची फारकत सुमारे ५० लक्ष वर्षांपूर्वींचीच असल्याचें दाखविलें. पण रामापिथेकस तर त्याहून कितीतरी जुना. अस्थिपंडितांनीं रसायनज्ञांना बरीच वर्षें जुमानलें नाहीं. अखेर पाकिस्तानांतील पोटवार पठारावर त्याच कुळांतील कपीचा चेहराच मिळाला. १९८२ सालीं डेव्हिड पिलबीम यांनीं तो प्रसिद्ध केला, आणि हें कुळ ओरांगउटानाच्या बाजूचें ठरलें. रामापिथेकस हें स्वतंत्र नांवहि गेलें. नर्मदेची कवटी निघाली तीहि १९८२ सालींच. एक अर्धा जबडा नुकताच न्यायासनासमोर हरला असतां दुसऱ्या अर्ध्या कवटीस दोनच वर्षांत नांव मिळावें, याचें आम्हांस नवल वाटतें.

महाराष्ट्रांतील उदाहरण पाहिजे असल्यास तें पुणें जिल्ह्यांत कुकडी नदीवरील बोरी येथें आहे. तेथें हातकुऱ्हाडींच्या संगतींत ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या राखेचें वय सुमारे १४ लक्ष वर्षें सांगितलें. १९९५ सालीं शीला मिश्र व सहकारी यांनीं दुसऱ्या पद्धतीनें तें ६ लक्ष ७० हजार केलें. आणि मध्यंतरीं १९९३ सालीं आचार्य व बसु यांनीं ती राख सुमात्रांतील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वींच्या स्फोटाची असल्याचें मत दिलें. एकाच मूठभर राखेच्या वयांत अठरापटींचें अंतर! येथें आमचा कल असा आहे कीं, हातकुऱ्हाडींचें प्राचीनत्व सिद्ध करण्यास बोरीच्या राखेची गरजच उरलेली नाहीं. तमिळनाडूंतील अत्तिरम्पक्कम येथें शांति पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं व्यवस्थित उत्खनन करून २०११ सालीं तीं हत्यारें दहा लक्ष वर्षांहून जुनीं असल्याचें दोन स्वतंत्र पद्धतींनीं दाखविलें. मात्र तेथें हत्यारेंच आहेत, तीं घडविणाराचें हाड नाहीं. नर्मदेवर हाड आहे, पण काळ नाहीं.

आतां या सर्वांमागील थोरला वाद. १९८४ सालीं वोल्पॉफ, वू व थॉर्न यांनीं असें मांडलें कीं, प्रत्येक खंडांतील प्राचीन मानव तेथल्या तेथें हळूहळू आजचा मनुष्य झाला, व त्यांच्यांत परस्पर संबंधहि चालू राहिले. याच्या उलट १९८७ सालीं कॅन, स्टोनकिंग व विल्सन यांनीं मातृवंशाच्या पुराव्यावरून आजचे सर्व मानव आफ्रिकेंतून निघाल्याचें दाखविलें. पहिल्या पक्षास नर्मदेची कवटी आपली पणजी वाटते. दुसऱ्यास ती निर्वंश झालेली दूरची आप्त वाटते. तिच्याकडे कोणीं कोणत्या नांवानें पाहिलें, तें बहुतेक वेळां या पक्षावर अवलंबून आहे. २०१० सालीं निअँडर्थल मानवाचा आनुवंशिक लेख वाचला गेला आणि दोन्ही पक्षांना थोडें थोडें मागें यावें लागलें. मूळ वंश आफ्रिकेचा हें कायम राहिलें, पण वाटेंत जुन्या लोकांचें रक्तहि मिसळलें, व त्याचा अल्प अंश भारतीयांतहि आहे. या सिद्धान्ताचा आधार अस्थीच्या आकृतीवर नाहीं, हें लक्षांत ठेवावें. चीनमधील हार्बिन येथील कवटीस २०२१ सालीं ‘होमो लाँगी’ असें नवें नांव मिळालें. २०२५ सालीं तिच्यांतील प्रथिनें व दांतांवरील किटणांतील वंशद्रव्य तपासल्यावर ती सैबेरियांतील डेनिसोवा मानवाच्या कुळांतील निघाली. नर्मदेची कवटीहि डेनिसोवाचीच, असें उद्यां कोणी म्हणेल. म्हणूं देत, पण आमच्या उष्ण हवेंत तसें द्रव्य टिकणें कठीण, आणि किटण तपासावयास येथें दांतच नाहींत.

आम्ही वर्ध्याचे लोक ही शिकवण घरींच घेऊं शकतों. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं वाकाटकांचें प्रवरपूर म्हणजे धाम नदीवरील आपलें पवनार, असें ठरविलें, आणि आम्ही तें अभिमानानें स्वीकारलें. पुढें नागपूर जिल्ह्यांत मनसर येथें उत्खनन झालें व तिकडील पक्ष बळावला. पवनारचें महत्त्व त्यानें गेलें नाहीं. १९६७ सालच्या उत्खननानें दाखविलेले वस्तीचे थर जेथल्या तेथें आहेत. पण नांव सैल झालें, आणि तें सैल झाल्याचें कबूल करणें आम्हांस अजून जड जातें. ‘नर्मदेन्सिस’ या नांवाचा मोह त्याच जातीचा आहे. आपल्या नदीचें नांव मानवाच्या वंशावळींत असावें, असें कोणास वाटणार नाहीं? तूर्त त्या कवटीच्या पेटीवर ‘हथनोरा, १९८२’ एवढीच चिठ्ठी असावी, असें आमचें मत आहे.

नर्मदेप्रमाणेंच वर्धा, वेणा, धाम या नद्यांच्या कांठींहि जुन्या गाळाचे व गोट्यांचे थर उघडे पडतात, आणि त्यांच्या पात्रांतून वाळूचा उपसा चालू आहे. चंद्रपूरजवळील पापामियाँ टेकडीवर प्राचीन दगडी हत्यारें मिळालींच आहेत. तेव्हां खोऱ्यांत इतरत्र कांहीं नाहीं असें मानण्यास आधार नाहीं. पोथ्यांच्या शोधांत खेडोपाडीं हिंडणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं कोणास दरडींत दगड झालेलें हाड दिसलें, तर तें उपटून पिशवींत घालूं नये. जागेचा नकाशा काढावा, थराची जाडी व दरडीच्या माथ्यापासूनची खोली मोजून लिहावी, छायाचित्र घ्यावें, आणि मगच नागपूर येथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या कार्यालयास कळवावें.