ध्वनिमुद्रिकेवरील प्रीती आणि संगतीचा प्रश्न

श्रोत्यांची प्रीती हा समीक्षेला नेहमीच अडचणीत टाकणारा पुरावा ठरला आहे. तो नाकारता येत नाही, कारण कलाकृतीचे अस्तित्व अखेरीस तिच्या आस्वादातूनच सिद्ध होते. तो जसाच्या तसा स्वीकारताही येत नाही, कारण प्रीती सवयीतून, स्मरणरंजनातून किंवा कलावंताच्या आयुष्याविषयीच्या करुणेतूनही उपजू शकते. ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. मैफलीतील सादरीकरण एकदाच घडते आणि विरते. ध्वनिमुद्रिका मात्र तीच राहते आणि तिच्यासमोर श्रोता बदलत जातो. एकच ध्वनिमुद्रण पिढ्यान्‌पिढ्या प्रिय राहते तेव्हा श्रोते नेमके कशावर प्रेम करीत असतात, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी बेल्जियन व्हायोलिनवादक आर्तुर ग्रुमियो आणि रुमानियात जन्मलेली पियानोवादिका क्लारा हास्किल यांची ध्वनिमुद्रणे विशेष उपयुक्त ठरतात. फिलिप्स या कंपनीसाठी या दोघांनी 1956 आणि 1957 मध्ये बीथोव्हेनचे दहाही व्हायोलिन सोनाटा ध्वनिमुद्रित केले; मोत्सार्टचे काही सोनाटा 1956 आणि 1958 मध्ये केले. त्यानंतर लाँगप्ले तबकडी मागे पडली, कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि तीही मागे पडू लागली, फिलिप्सचे अभिजात संगीताचे भांडार डेक्का या नावाखाली गेले. परंतु प्रत्येक नव्या माध्यमात ही ध्वनिमुद्रणे पुन्हा काढली गेली. श्रोत्यांच्या निष्ठेवाचून हे घडले नसते.

या निष्ठेचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण चरित्रात शोधले जाते. हास्किलचा जन्म 1895 चा, बुखारेस्टमधील एका ज्यू कुटुंबातला. बालपणीच तिची असामान्य प्रतिभा दिसून आली आणि पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटोअरमध्ये तिने 1910 मध्ये पहिले पारितोषिक मिळवले. पुढे पाठीच्या कण्याच्या विकाराने तिला ऐन तारुण्यात काही वर्षे प्लॅस्टरच्या साच्यात काढावी लागली. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या भयाने ती पॅरिसमधून मार्सेला गेली. तेथे 1942 मध्ये तिच्यावर अवघड शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ती स्वित्झर्लंडमध्ये पोहोचली. व्यापक कीर्ती तिच्या वाट्याला आली ती पन्नाशी उलटल्यानंतर. ग्रुमियोबरोबरच्या कार्यक्रमासाठी ब्रुसेल्सला आली असता रेल्वेस्थानकाच्या जिन्यावरून पडून 7 डिसेंबर 1960 रोजी तिचा मृत्यू झाला.

अशा आयुष्याची छाया वादनावर पाडून ऐकण्याचा मोह श्रोत्याला होणे स्वाभाविक आहे. क्यॉखेलच्या सूचीत 304 हा क्रमांक असलेल्या ई मायनर सोनाटाच्या बाबतीत तर हा मोह दुणावतो. हा सोनाटा 1778 मधला. त्याच वर्षी 3 जुलैला पॅरिसमध्ये मोत्सार्टच्या मातेचे निधन झाले. मोत्सार्टच्या वाद्यसंगीतात ई मायनर ही मूळ पट्टी असलेली ही एकमेव कृती मानली जाते, म्हणून तिच्यात मातृवियोगाचा शोक ऐकण्याची प्रथाच पडली आहे. दुःखी रचनाकार, दुःखी वादिका आणि हळवा श्रोता अशी साखळी एकदा तयार झाली की ध्वनिमुद्रण ऐकण्याचे कारणच उरत नाही, कारण काय ऐकू येणार हे आधीच ठरलेले असते. प्रत्यक्ष वादन मात्र या साखळीला फारसा दुजोरा देत नाही. त्यात लय ओढून धरलेली नाही, उसासे नाहीत, करुणेची जागा आली म्हणून स्वर जड केलेला नाही. शोकाची कथा बाजूला ठेवूनही जे उरते, त्याचाच विचार समीक्षेने करावयास हवा.

सोनाटाचा पहिला भाग उघडतो तो दोन्ही वाद्यांच्या एकाच सुरावटीने. खाली कोणताही स्वरसंवाद नसतो. व्हायोलिन आणि पियानो सप्तकांच्या अंतराने तीच धून हळुवारपणे वाजवितात. कागदावर ही गोष्ट अगदी साधी दिसते. वादनात ती अतिशय कठीण आहे आणि तिचे कारण वाद्यांच्या घडणीतच आहे. पियानोची कळ दाबली की हातोडी तारेवर आदळते, स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून ओसरू लागतो. व्हायोलिनचा स्वर गजाखाली जिवंत असतो. तो वाढविता येतो, तोलून धरता येतो, किंचित चढा वा उतरा करता येतो. पियानोचे स्वर आधीच जुळवून ठेवलेले असतात, व्हायोलिनवादकाला मात्र प्रत्येक स्वर नव्याने शोधावा लागतो. अशा दोन वाद्यांनी एक धून वाजवावयाची म्हणजे एकाने आपल्या सामर्थ्याचा काही भाग स्वेच्छेने बाजूला ठेवावयास हवा. ग्रुमियो येथे तेच करतो. त्याचा गज स्वर फुगवीत नाही, स्वरकंप मोजका राहतो आणि हास्किलच्या ओसरत्या स्वराच्या आकारातच त्याचा स्वर मावतो. तिचे बोट कळीवर येते तेही व्हायोलिनचा आरंभ झाकणार नाही अशा बेताने. पुढे हीच धून स्वरसंवादाच्या आधारासह येते, तेव्हा त्या आधाराची ऊब श्रोत्याला जाणवते, कारण आरंभीचे उघडेपण दोघांनी कोठेही सजविलेले नसते.

दुसरा भाग मिन्युएटच्या चालीचा. त्याची धून प्रथम एकटा पियानो मांडतो आणि नंतर व्हायोलिन ती उचलते. अनेक वादनांत या क्षणी नायकाचा प्रवेश झाल्यासारखे वाटते. जणू पियानोने इतका वेळ केवळ रंगमंच झाडून ठेवला होता. हास्किलने मांडलेली धून मात्र स्वतःत पूर्ण असते, तिला कोणाच्या आगमनाची अपेक्षा नसते. ग्रुमियोही तीच धून नव्या अलंकारांनी आपलीशी करू पाहत नाही. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने समजून घेऊन तीच पुन्हा सांगावी, तसे ते ऐकू येते. मधल्या ई मेजरच्या उताऱ्यातही आरंभ पियानोचाच आहे. तेथील प्रकाश अल्पकाळाचा आहे, हे दोघेही जाणतात, आणि तरीही त्याच्या अल्पत्वाकडे बोट दाखवीत नाहीत.

यातील ‘साथीदार कोण’ हा प्रश्न ऐतिहासिक दृष्ट्याही अर्थपूर्ण आहे. मोत्सार्टचे हे सोनाटा 1778 मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांचे वर्णन व्हायोलिनच्या साथीसह कळवाद्यासाठी रचलेले सोनाटा असे होते. म्हणजे साथ व्हायोलिनने करावयाची होती. पुढील शतकात व्हायोलिनवादकांची थोरवी वाढली आणि ही व्यवस्था लोकांच्या मनात उलटी झाली; पियानोवादकाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर लहान अक्षरांत छापले जाऊ लागले. ग्रुमियो आणि हास्किल यांनी या उलटापालटीला दुसऱ्या उलटापालटीने उत्तर दिले नाही. त्यांनी साथ ही कोणा एकाची नेमणूक न मानता दोघांत फिरणारी जबाबदारी मानली.

भारतीय वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. स्थिर स्वरांचे वाद्य आणि लवचिक स्वराचा कंठ यांचे नाते हिंदुस्थानी संगीतातही वादाचा विषय झाले होते. हार्मोनियमला मींड घेता येत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, अशा आक्षेपांच्या वातावरणात 1940 पासून सुमारे तीन दशके या वाद्याला आकाशवाणीवर बंदी होती. मैफलीत मात्र हार्मोनियम टिकली. आक्षेप खोटा नव्हता. चांगल्या संगतकाराने आपल्या वाद्याची मर्यादा ओळखून गायकाच्या स्वराला जागा ठेवली, म्हणून ती टिकली. ‘संगत’ या शब्दात बरोबर जाणे आहे तसेच सहवासही आहे. ग्रुमियो-हास्किल यांच्या वादनाचे वर्णन करण्यास हा शब्द ‘साथ’ या शब्दापेक्षा अधिक नेमका आहे.

या संगतीचे मोल पारखून घेण्याची एक विलक्षण संधी ग्रुमियोनेच उपलब्ध करून ठेवली आहे. शार्लरुआ येथील शिक्षणात त्याने व्हायोलिनबरोबर पियानोचाही रीतसर अभ्यास केला होता. हास्किलनेही लहानपणी व्हायोलिन शिकले होते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ग्रुमियोने ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा आधार घेऊन मोत्सार्टचा 481 क्रमांकाचा आणि ब्राम्सचा ए मेजर सोनाटा असा वाजविला की त्यात व्हायोलिनही त्याचे आणि पियानोही त्याचाच आहे. वरवर पाहता एकरूपतेचा हा परमोच्च बिंदू म्हणावयास हवा: एकच मन, एकच लय, एकच हेतू. वादनही कुशल आहे. तथापि श्रोत्यांच्या स्मरणात ते एक नवल म्हणून राहिले आणि प्रीती त्या दोघांच्या वादनाला लाभली. कारण एकट्या वादकाला स्वतःचे म्हणणे आधीच ठाऊक असते. त्याला ऐकून घ्यावे लागत नाही. संगतीत एकाचा स्वर दुसऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत जो अत्यल्प अनिश्चित काळ असतो, तोच येथे नाहीसा होतो. ज्या एकरूपतेवर श्रोते प्रेम करतात, ती दोन भिन्न व्यक्तींनी प्रत्येक क्षणी मिळवावी लागणारी एकरूपता आहे.

दुसरी कसोटी तुलनेची. 1980 च्या दशकाच्या आरंभी ग्रुमियोने ऑस्ट्रियन पियानोवादक वॉल्टर क्लीन याच्यासह मोत्सार्टचे सोनाटा पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ध्वनीची स्वच्छता येथे अर्थातच अधिक आहे. क्लीन हा मोत्सार्टचा जाणकार वादक आहे. ग्रुमियोच्या स्वरात उतरत्या वयाची प्रगल्भता आहे. या ध्वनिमुद्रणांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. जुन्यावरील निष्ठेपायी नव्याकडे पाठ फिरविणाऱ्या श्रोत्याची प्रीती येथे संशयास्पद ठरते. तरीही दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यास एक भेद जाणवतो. क्लीनसह ग्रुमियो सुसंवाद साधतो. हास्किलसह तो काही शोधत असतो. ती त्याच्याहून 26 वर्षांनी मोठी होती, परंतु वादनात वडीलकीचा अधिकार ऐकू येत नाही. ऐकू येते ते परस्परांविषयीचे कुतूहल.

यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे तेजोवलय नष्ट होते, असे वॉल्टर बेन्यामिनने 1930 च्या दशकात प्रतिपादले. कलाकृतीचे ‘येथे आणि आता’ असणे प्रतीत उरत नाही, हा त्याचा मुद्दा ध्वनिमुद्रिकेलाही लागू पडतो. एकान्तात सुई तबकडीवर टेकविणारा श्रोता त्या दोघांच्या सान्निध्यात नसतो. पण संगीताच्या बाबतीत या विचाराला एक पुरवणी जोडावी लागते. मैफलीत एकदाच ऐकणाऱ्याला धून ऐकू येते; एक वादक दुसऱ्याला कसा ऐकतो आहे हे उमगण्यास मात्र पुष्कळदा पुनःपुन्हा ऐकावे लागते. सहृदयाच्या मनाचा आरसा काव्याच्या दीर्घ अनुशीलनाने निर्मळ होतो, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. ध्वनिमुद्रिकेने या अनुशीलनाला संगीतात एक नवे साधन दिले. पूर्वी ते वादकाला, गुरूला किंवा नित्य मैफली ऐकू शकणाऱ्या भाग्यवंतालाच शक्य होते. आता वाद्य हाती न धरलेल्या माणसालाही शक्य झाले.

या साधनाचे धोकेही तेथेच आहेत. अनुशीलन आणि सवय यांची बाह्य लक्षणे सारखीच असतात. तेच ध्वनिमुद्रण शंभरदा ऐकणारा श्रोता त्यात दर वेळी काही नवे ऐकत असेल, अथवा काहीच नवे ऐकू नये म्हणून त्याकडे परतत असेल. पहिल्या श्रोत्याला दुसऱ्या वादकांचे वादन अधिक चांगले ऐकू येऊ लागते. दुसऱ्याला ते सहन होईनासे होते. प्रीती पुरावा म्हणून ग्राह्य आहे की नाही, हे तिच्या उत्कटतेवरून ठरवू नये. तिने श्रोत्याचा कान उघडला की मिटला, यावरून ठरवावे.

ग्रुमियो-हास्किल यांच्या ध्वनिमुद्रणांवरील प्रीती या कसोटीला बव्हंशी उतरते, याचे कारण ती ध्वनिमुद्रणे ऐकण्याचाच आदर्श समोर ठेवतात. त्यांतील ओसरणाऱ्या स्वराला सावरून घेणारा गज ज्याच्या कानात बसला, त्याला पुढे कोणत्याही जोडीच्या वादनात, मग ते व्हायोलिन आणि पियानोचे असो वा कंठ आणि हार्मोनियमचे, कोण कोणाला ऐकतो आहे हे शोधल्यावाचून राहवत नाही.