पिन विसरलेला माणूस पेपरात कुठे आहे?

आज एका नावाजलेल्या पेपरवर बोलायचं आहे. पेपर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. वाईट पेपरवर टीका करायला फारसा अभ्यास लागत नाही. पण हा वाचताना मला भंडारा जिल्ह्यातल्या आसगावची माझी मामी सारखी आठवत होती, आणि मामी त्या पेपरात कुठेच सापडली नाही. पेटची, नेट-सेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना 'रिसर्च गॅप कशी शोधायची?' हा प्रश्न पडतो. मला ती इथे सापडली, म्हणून आधी मामीची गोष्ट.

आसगाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या चौरास भागात. पावसाळ्यात नजर जाईल तिथे धान. रोवणीचे दिवस होते. नातू दिवसभर गेम खेळून डेटा संपवतो म्हणून मामीने एका सकाळी फोनचा पिन बदलला. स्वतःच, कुणाला न विचारता, आणि त्याचं तिला कौतुकही वाटलं. त्या दिवशी फोन बोटाने उघडत होता, त्यामुळे नवा पिन टाकायची वेळच आली नाही. मग दोन दिवस बांधीतल्या पाण्यात रोवणी. हाताची कातडी पांढरी पडली, बोटं सोलली. तिसऱ्या दिवशी फोनने बोट ओळखलंच नाही.

"बोट लावलं तं उघडतच नाही माय. नंबर मांगते. कोणता टाकला होता, तेच आठवून नाही राहिलं."

रेशन दुकानात अंगठा न लागणं गावाला नवं नाही. पण तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. फोनचं तसं नसतं. मामीच्या फोनमध्ये मामांचा आवाज होता. मामा दंडारीत गात असत, आणि जायच्या आधीच्या वर्षी त्यांनी मामीला व्हॉट्सअ‍ॅपवर गाणी पाठवली होती. एकाच घरात बसून, गंमत म्हणून. मामी रात्री ती ऐकायची.

आता पेपर. फिलिप मार्कर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2020 साली आयईईईच्या सुरक्षाविषयक परिषदेत आला. प्रश्न साधा होता : लोक फोनसाठी निवडतात ते पिन किती लवकर ओळखता येतात? 1220 जणांकडून पिन निवडून घेतले. सहा आकडी पिन चार आकडीपेक्षा खूप सुरक्षित, अशी आपली समजूत असते. या अभ्यासात मात्र, फोन चुकीच्या प्रयत्नांना आवर घालत असेल तर दोहोंत फारसा फरक पडत नाही, असं दिसलं. कारण माणसं सहा आकडेही 123456 असेच निवडतात. आयफोन कोणते पिन 'सोपे आहेत' म्हणून टोकतो, ती यादी त्यांनी फोनला एक छोटा संगणक आणि कॅमेरा जोडून, एकेक पिन टाकून बाहेर काढली. चार आकडींची यादी 274 पिनांची निघाली. ही पद्धत नक्की वाचा. कंपनी सांगत नाही ते बाहेरून कसं मोजायचं, याचा तो उत्तम धडा आहे.

माझी तक्रार आहे ती 'आठवण' मोजण्याच्या पद्धतीबद्दल. निवडलेला पिन लक्षात राहिला का, हे त्यांनी त्याच बैठकीत, थोडा वेळ दुसरीकडे लक्ष वळवून विचारलं. अर्थात बहुतेकांना आठवला. मामीलाही त्या सकाळी आठवलाच असता! काही मिनिटांनंतरच्या आठवणीला 'लक्षात राहतो' म्हणायचं, तर पाणी, थकवा आणि तीन दिवस यांना कोष्टकात जागाच उरत नाही.

अर्थात लेखकांचा मूळ प्रश्न स्मरणाचा नव्हताच, तो हल्लेखोराचा होता. म्हणून त्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण या विषयाचं मागचं वाङ्मय काढून बघा, कल तोच दिसतो. 2010 साली अ‍ॅडम अवीव आणि सहकाऱ्यांनी काचेवर उरलेल्या बोटाच्या तेलकट रेघेवरून पॅटर्न ओळखून दाखवला. त्यांच्या एका प्रयोगात तपासलेल्या प्रकाश-कॅमेऱ्याच्या मांडण्यांपैकी 68 टक्क्यांत तो पूर्ण ओळखता आला. 2013 साली उएलेनबेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अँड्रॉइडचे 3,89,112 पॅटर्न शक्य असले तरी लोक त्यातले मोजकेच वापरतात. प्रत्येक वेळी केंद्रस्थानी चोर आहे. मालक येतो तो चोराचं काम सोपं करणारा म्हणून. (जाता जाता : ती तेलकट रेघ विसरलेल्या मालकालाही कामाची आहे. पॅटर्न विसरलात तर फोन पुसू नका, उजेडात तिरका धरून बघा. मामीचा पिन होता, पॅटर्न नव्हे. पिनाच्या खुणांवरून फार तर आकडे कळतात, क्रम नाही. आणि तिथे तर चिखलाचे ठसे होते.)

तुम्ही म्हणाल, फोनचा पिन माणूस रोज टाकतो, विसरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. बरोबर आहे. अँड्रॉइड साधारण 72 तासांतून एकदा बोट बाजूला ठेवून पिन मागतोच. पण मामी त्या 72 तासांच्या आतच अडकली, कारण पिन नवा होता. आणि 'क्वचित' हा शब्द संशोधनात वापरताना नुकसान किती, हेही विचारावं लागतं. पूर्वी ते किरकोळ होतं. अँड्रॉइड 4.4पर्यंत काही चुकीच्या प्रयत्नांनंतर 'पॅटर्न विसरलात?' असं बटण यायचं, गूगल खात्याने आत जाता यायचं. पुढच्या आवृत्तीत ते गेलं. 2015मध्ये 5.1 आवृत्तीबरोबर आलेल्या संरक्षणामुळे फोन रिसेट केला तरी तो जुनं गूगल खातं मागू लागला. फोनमधली माहिती मुळातच कुलूपबंद भाषेत साठवणं पुढे नव्या फोनांना सक्तीचं झालं, आणि त्या कुलपाची किल्ली तुमचा पिन आणि फोनमधली चिप यांच्यातून तयार होते. तेव्हा फोन चालू करून देता येतो, पण आतलं परत मिळत नाही. 2016मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराच्या आयफोनसाठी अमेरिकेची तपासयंत्रणा अ‍ॅपलविरुद्ध कोर्टात गेली, ती याच पिनापाशी अडून. 'डेटा न जाता लॉक तोडा' असं सांगणारे व्हिडिओ बघताना एवढं लक्षात ठेवा.

तालुक्याच्या एका दुकानात तेच झालं असतं. "ताई, फॉरमॅट मारतो, दहा मिनिटांचं काम आहे." फोन मी परत घेतला. आधी मामीचं सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं. ही गोष्ट घाबरलेल्या माणसाला सुचत नाही : ओटीपी सिमवर येतो, फोनवर नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करणारी ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्याचा नंबर बंद पडणं म्हणजे पुढे धानविक्रीच्या नोंदणीची चिंता. ती चिंता सिम हलवताच मिटली. मग गूगल खातं. ते फोन विकणाऱ्या दुकानदाराने तेव्हाच काढून दिलेलं, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. सुदैवाने त्याला मामीचाच नंबर जोडलेला होता, त्यावरून नवा पासवर्ड मिळाला. तो सगळीकडे पोचायला 24 तास लागू शकतात, म्हणून रिसेट दुसऱ्या दिवसावर ढकललं. मधल्या वेळात खात्यात फोटोंचा, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आहे का पाहिलं. नव्हता. कधी चालूच केला नव्हता.

हे सगळं पेपरवाल्यांच्या भाषेत 'खातं परत मिळवणं' या एका पायरीत मावतं. त्या पायरीत गृहीत धरलेला माणूस कोण आहे बघा : स्वतःचा फोन, स्वतः काढलेलं ई-मेल खातं, पासवर्ड आपल्याच डोक्यात. 2018 साली नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या 199 स्त्रियांशी बोलून जो अभ्यास केला, तो या गृहीतकाला धक्का देतो. घरातला फोन मागितला की द्यावाच लागतो, म्हणून बायका फोनऐवजी एखादंच अ‍ॅप कुलपात ठेवतात, संदेश पुसतात, काही गोष्टी फोनवर करणंच टाळतात, असं त्यात दिसतं. हा पेपर मला फार आवडतो. पण त्याच्याशीही माझं एक भांडण आहे. कुलूप ही तिथे लपवण्याची युक्ती आहे. मामीला लपवायचं काहीच नव्हतं, तिला डेटा वाचवायचा होता. कुलूप लावणारीच बाहेर राहिली, तर घरात मदतीला कोण, खात्याची किल्ली कुणाकडे, हे तिथेही विचारलेलं नाही.

विसरणं गंभीरपणे घेतलं की काय बदलतं, याचं एक उदाहरण आहे. 2023च्या आयओएस 17पासून आयफोनवर पासकोड बदलल्यानंतर 72 तास जुना पासकोड वापरून नवा ठरवता येतो. यात धोका आहेच, जुना कोड माहीत असलेला कुणीही आत शिरू शकतो. म्हणून ही मुदत लगेच संपवायची सोयही दिली आहे. मामीच्या स्वस्तातल्या फोनवर असं काही नव्हतं, आणि तिचं विसरणं नेमकं याच 72 तासांतलं होतं. तिला जुना पिन पाठ होता.

एक शंका स्वतःवरही घ्यायला हवी. एका मामीवरून सिद्धान्त होत नाही. गाईडने मला हेच ऐकवलं, आणि ते बरोबरच आहे. एका प्रसंगातून प्रश्न मिळतो, उत्तर नाही. मग अभ्यास कसा आखाल? मी वहीत असं लिहून ठेवलंय : पिन बदलायला लावून पुन्हा विचारायचं ते आठ दिवसांनी. हाताने काम करणारी माणसं घ्यायची, आणि रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत. फोन कुणाच्या नावावर, खातं कुणी काढलं, पिन घरात आणखी कुणाला माहीत, हे तीन वेगळे प्रश्न विचारायचे, एकत्र नाहीत. पिन काय आहे हे मात्र कधीच विचारायचं नाही. नैतिक परवानगीच्या अर्जात हे पहिल्या पानावर यायला हवं. अडचण ही, की विसरलेले लोक शोधायचे कुठे? नमुना मिळेल तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत, आणि तिथे फक्त दुकानापर्यंत पोचलेले भेटतील. हा दोष कसा भरून काढायचा, ते मला अजून जमलेलं नाही. कुणाला सुचलं तर कळवा.

फोन दुसऱ्या दिवशी रिसेट केला, चालू झाला. मामांची गाणी गेली. नंतर कळलं, की मामांनी त्यातली तीन माझ्या भंडाऱ्याच्या मावसभावालाही पाठवली होती. त्याच्या फोनमधून ती आली. चौथं, मामीचं आवडतं, कुणाकडेच नाही.

नवा पिन मामीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्याच तारखेच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलाय. माणसांना झेपत नाहीत असे पासवर्ड-नियम लादले की ती असेच मार्ग काढतात, असं अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅस यांनी 1999 सालीच मांडलं होतं. मी मामीला पुसायला सांगितलेलं नाही. दुधाचा हिशेब आणि पिन यांत फरक फक्त तिलाच कळतो. नातवाला अजून तरी कळलेला नाही.