दुसऱ्याच्या मजकुरावर हात फिरवताना

मंडळी, प्रश्न साधा आहे. ऑनलाइन समूहात दुसऱ्यानं लिहिलेलं दुरुस्त करायची सोय आपल्या हाती येते, तेव्हा ती वापरायची कशी?

आपल्याकडचा थोर दाखला एकनाथांचा. पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध केली. यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. काम मोठंच. पण कोणता पाठ गाळला आणि का, याची नोंद त्यात नाही. तशी रीत तेव्हा नव्हती, हे खरं. तरी परिणाम उरतोच: त्यांच्या निवडीवर आपण विश्वास ठेवू शकतो, ती तपासू शकत नाही.

आता पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती बघा. १९१९ साली सुरू झालेलं हे काम १९६६ मध्ये पुरं झालं. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीनं लिहायचं, ही आपली लाडकी कथा. विष्णु सीताराम सुखटणकरांनी ती आदिपर्वाच्या मुख्य पाठातून काढली, पण परिशिष्टात छापली. बाकीचे पाठभेद पानाच्या तळाशी दिले. जिथं खात्री कमी, तिथं शब्दाखाली नागमोडी रेघ. म्हणजे संपादकाची शंकासुद्धा वाचकाला दिसते. गंमत अशी, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची अट त्या काढलेल्या कथेतच आहे!

विकिपीडियावर पानाचा ‘इतिहास’ हेच काम करतो. जुनी आवृत्ती राहते, बदलाचं कारण लिहायला जागा असते. आपण मात्र ती जागा बहुधा कोरी सोडतो.

एका समूहात मी आजीची आठवण लिहिली होती. तिच्या तोंडी ‘पानी’ होतं. कुणीतरी सद्भावनेनं सगळीकडे ‘पाणी’ केलं, न विचारता. शुद्धलेखन सुधारलं, पण आजी गेली ना त्यातून! आणि वर नाव माझंच. म्हणजे मी न लिहिलेलं माझ्या नावावर.

टंकनाची चूक खुशाल सुधारा. पण बोली, मत, सूर यांना हात लावण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. बदललंत तर कारण लिहा, आणि त्याचा मूळ शब्द त्याला परत घेता येईल असा ठेवा. सुखटणकरांनी गणपतीची कथासुद्धा जपून ठेवली. आपल्याला एका आजीचं ‘पानी’ जपायला काय हरकत आहे?