'हिप्पोलिटस'मधील पर्णमुकुट : प्राचीन ग्रीक संस्कृतीतील एका प्रतीकाचे पुनर्वाचन

प्रस्तावना :
प्राचीन ग्रीक संस्कृतीतील पर्णमुकुटाचा, म्हणजेच 'स्टेफानोस'चा, विचार बहुधा कोष्टकाच्या स्वरूपात केला जातो. ऑलिम्पियात रानऑलिव्ह, डेल्फीत लॉरेल, नेमियात रानसेलरी. डायोनिससची आयव्ही, ॲफ्रोडाइटीचे मर्टल. ही माहिती अचूक असली तरी तीवरून 'लॉरेल म्हणजे विजय' असे समीकरण मांडणे अपुरे ठरते. वनस्पतीपेक्षा प्रसंग आणि मुकुट घालण्या-उतरविण्याची कृती यांतून अर्थ सिद्ध होतो, हे युरिपिडीसच्या 'हिप्पोलिटस' (इ.स.पू. ४२८) या शोकांतिकेच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

एकाच वनस्पतीचे दोन अर्थ :
प्लुटार्कने टिमोलिऑनच्या चरित्रात एक प्रसंग नोंदविला आहे. सिसिलीत युद्धास निघालेल्या सैन्यासमोर सेलरीने लादलेली खेचरे आली. थडग्यांवर सेलरी वाहण्याची प्रथा असल्याने सैनिकांना तो अपशकुन वाटला. टिमोलिऑनने मात्र इस्थमियन क्रीडांतील विजेत्यांचा मुकुट सेलरीचाच असतो, याची आठवण देऊन तो स्वतःच्या मस्तकी धारण केला. मृत्यू आणि विजय यांचे चिन्ह एकच होते. निवड प्रसंगाने केली.

नाटकातील दोन मुकुट :
या नाटकास प्राचीन काळीच 'मुकुटधारी हिप्पोलिटस' असे नाव मिळाले. आरंभी नायक आर्टेमिसला फुलांचा मुकुट अर्पण करतो. ज्या कुरणात मेंढपाळ शिरत नाही, ज्याला लोखंडाचा स्पर्श नाही, तेथून तो गुंफून आणलेला आहे. वरवर पाहता हे पावित्र्याचे प्रतीक होय. परंतु ग्रीक काव्यपरंपरेत फुलांचे कुरण हे कुमारिकांच्या अपहरणाचेही स्थळ आहे. पर्सेफोनीचे हरण अशाच कुरणातून झाले. त्यामुळे ज्या ॲफ्रोडाइटीला हिप्पोलिटस नाकारतो, तिची छाया त्याच्या अर्पणातच दडलेली दिसते. वृद्ध सेवकाने सुचवूनही तो तिला केवळ दुरून नमस्कार करतो. भक्तीचा मुकुट येथे अहंकाराचाही मुकुट ठरतो.

दुसरा मुकुट थीसियसचा आहे. दैवी कौल घेऊन परतणारा हा राजा शुभचिन्ह म्हणून मुकुट धारण करून येतो. पत्नी फीड्राच्या मृत्यूची वार्ता ऐकताच तो मुकुट फेकून देतो आणि थोड्याच वेळात मुलाला शाप देतो. सोफोक्लीसच्या 'राजा ईडिपस'मध्येही क्रेऑन लॉरेल धारण करून डेल्फीहून येतो. ते सुवार्तेचे लक्षण मानले जाते, पण त्याच वार्तेपासून विनाशाचा शोध सुरू होतो. दोन्ही नाटककार प्रेक्षकांच्या परिचित संकेताचा उपयोग त्या संकेतावरील विश्वास डळमळीत करण्यासाठी करतात.

येथे असा आक्षेप संभवतो की, मुकुट हा रंगभूमीवरील केवळ उपचार असावा. तथापि थीसियस स्वतःच मुकुटाच्या निरर्थकतेविषयी उद्गार काढतो. नाटककाराने प्रेक्षकांचे लक्ष हेतुतः तिकडे वळविले आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

समारोप :
देवतेला वाहिलेला मुकुट भक्ताचे रक्षण करीत नाही आणि राजाने धारण केलेला मुकुट शुभ घडवीत नाही. तरीही युरिपिडीस या विधीची थट्टा करीत नाही. माणसाची श्रद्धा आणि त्याचे अज्ञान एकाच मुकुटात गुंफलेले असतात, एवढेच तो दाखवितो. म्हणून वनस्पतींच्या अर्थकोष्टकाऐवजी मुकुट कोण घालतो, केव्हा घालतो आणि केव्हा उतरवितो, या प्रश्नांपासून अभ्यासाचा आरंभ होणे अधिक फलदायी ठरेल.