वामनदादांचे गाणे आणि आपले प्रेम : एक चिकित्सा

लोककवी वामनदादा कर्डक यांचे 15 मे 2004 रोजी निर्वाण झाले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी आंबेडकरी समाजाच्या ओठांवरून त्यांचे गाणे उतरलेले नाही. सोलापुरात 14 एप्रिलच्या आदल्या रात्री बुधवार पेठेपासून शहराच्या टोकाच्या वस्त्यांपर्यंत कोठेही फिरावे, वामनदादांची रचना कानी पडतेच. जे त्यांच्या मृत्यूनंतर जन्माला आले, ती मुलेही ती पाठ म्हणतात. एखाद्या कवीवर समाजाने इतके आणि इतका काळ प्रेम करावे, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच घडले आहे. परंतु समीक्षकाचे काम केवळ या प्रेमाची नोंद घेण्याचे नाही. हे प्रेम नेमके कशावर आहे, त्याचे स्वरूप काय आहे, आणि बुद्धाच्या व बाबासाहेबांच्या विचाराच्या कसोटीवर ते कितपत उतरते, हे तपासणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

गाणे कोणी सांभाळले?

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या खेड्यात झाला. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. पोटासाठी मुंबईत आल्यावर त्यांनी पडेल ते कष्टाचे काम केले आणि अक्षरओळख तेथेच, वाढत्या वयात करून घेतली. 1943 साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर त्यांनी पहिली रचना केली, आणि तेव्हापासून सहा दशके हा माणूस गावोगाव गात फिरला. ‘वाटचाल’, ‘मोहोळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथनही आले. तथापि त्यांचे गाणे ग्रंथालयांनी टिकवले असे म्हणता येणार नाही. ते टिकले गायन पार्ट्यांच्या वह्यांतून, ढोलकी आणि पेटीच्या साथीतून, आणि ज्यांना वाचता येत नव्हते अशा आयाबायांच्या स्मरणशक्तीतून.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वामनदादांच्या आधी भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930च्या दशकात आंबेडकरी जलशाची परंपरा उभी केली होती. तमाशातील गण-गवळणीचा साचा घेऊन त्यातील देवदेवतांना रजा द्यावयाची आणि त्या जागी शिक्षण, स्वाभिमान व संघटन यांचा विचार ठेवावयाचा, हे त्या जलशाने केले. वामनदादा या परंपरेचे वारसदार खरे, पण त्यांनी जलशातील संवाद व सोंगे बाजूला ठेवून सारा भार एकट्या गाण्यावर टाकला. त्यामुळे गाणे सुटसुटीत झाले. ते वाहून न्यायला फड लागेना, पुरेसा रंगमंच लागेना. एक गळा पुरेसा झाला. आजच्या प्रेमाचे पहिले कारण या सुटसुटीतपणात आहे.

सोलापूरच्या मातीत हे गाणे इतके का रुजले, याचाही विचार केला पाहिजे. हे शाहिरांचे शहर आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील राम जोशी येथलेच. अमर शेख 1916 साली याच जिल्ह्यातील बार्शीत जन्मले. आणि वामनदादांच्याच पाठोपाठ, त्याच 2004 साली निवर्तलेले गायक प्रल्हाद शिंदे हे मंगळवेढ्याशी नाते सांगणारे. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी बोलणारे कष्टकरी एका भोंग्यावर जागे होऊ लागले. अशा बहुभाषिक वस्तीत व्याख्यानापेक्षा गाणे अधिक दूर जाते. आज त्या गिरण्यांचे भोंगे बंद आहेत. पण गिरणीच्या पाळीवरून परतलेल्या माणसाने चाळीच्या ओट्यावर बसून ऐकलेले गाणे त्याच्या नातवापर्यंत पोहोचले आहे.

पाली वाङ्मयातील गीतविचार

बौद्ध वाचकाच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. उपोसथाच्या आठ शीलांत नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील आहे. अंगुत्तर निकायात, धम्म लांबलचक गानस्वरात म्हणण्याचे पाच दोष तथागतांनी सांगितले आहेत. म्हणणारा स्वतः त्या स्वरात गुंततो; ऐकणारे गुंततात; हे भिक्खू आमच्यासारखेच गातात, अशी गृहस्थ टीका करतात; स्वराची नक्षी साधण्याच्या नादात समाधी भंगते; आणि पुढील पिढी तेच वळण गिरवते. मग गाण्यावरील हे आपले प्रेम धम्माला धरून आहे काय?

उत्तर त्याच वाङ्मयात सापडते. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख हा गंधर्व वीणा घेऊन राजगृहाजवळील इंद्रशाल गुहेपाशी येतो आणि तथागतांसमोर गातो. त्याच्या गीतात बुद्ध, धम्म व अर्हंत यांच्या उल्लेखाबरोबर चक्क प्रियेविषयीचे प्रेमही आहे. तथागत रागावत नाहीत. तारेचा स्वर गीताच्या स्वराशी आणि गीताचा स्वर तारेच्या स्वराशी जुळून आला आहे, एकाने दुसऱ्याला झाकलेले नाही, अशी दाद ते देतात आणि हे गीत कधी रचलेस, असे विचारतात. विनयातही गानस्वराचा निषेध केल्यावर लगेच सरभञ्ञाला, म्हणजे अर्थ झाकला जाणार नाही अशा सस्वर पठणाला, अनुमती दिलेली आढळते. दोन्ही स्थळे एकत्र ठेवली म्हणजे निकष स्पष्ट होतो. आक्षेप सुरावर नाही. सुराने अर्थाला गिळून टाकण्यावर आहे.

चार कवी आणि एक वामन

अंगुत्तर निकायात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत. चिंतनातून रचणारा तो चिंताकवी, ऐकलेल्यातून रचणारा तो सुतकवी, अर्थाच्या आधाराने रचणारा तो अत्थकवी आणि तत्क्षणी स्फुरणारा तो पटिभानकवी. थेर वंगीस हे या चौथ्या प्रकाराचे श्रेष्ठ उदाहरण. प्रतिभावंत भिक्खूंमध्ये तथागतांनी त्यांना अग्रस्थान दिले.

वामनदादांचे काव्य या चौकटीत पाहिले म्हणजे त्याचे बळ व मर्यादा दोन्ही उमगतात. ते मूलतः सुतकवी होते. ज्याने पुस्तकाआधी कानाने जग वाचले, त्याच्या रचनेत चाली ऐकीव असणार, म्हणी ऐकीव असणार. सिनेमाच्या चालीवर गाणे बांधण्याची त्यांची रीत काही समीक्षकांना हिणकस वाटली. परंतु चाल ओळखीची असल्यामुळे श्रोत्याचे सारे लक्ष नव्या शब्दांकडे जाते, हे त्यांनी ओळखले होते. ते पटिभानकवीही होते; सभेत समोरचा प्रसंग पाहून गाणे बांधणे त्यांना सहज जमे. मात्र त्यांच्या काव्याची खरी उंची ते अत्थकवी होतात तेथे दिसते.

दोन गाण्यांचा विचार करू. एका सुप्रसिद्ध गाण्यात त्यांनी बड्या उद्योगपतींच्या आडनावांशी ‘वाटा’ या साध्या शब्दाचा यमक जुळवला आणि संपत्तीतील हिश्शाचा जाब विचारला. यमक हा येथे अलंकार उरत नाही. ज्या नावांना सारा देश दबून असतो, त्यांच्या शेजारी मजुराचा ‘वाटा’ येऊन बसतो आणि यमकानेच त्यांना एका पातळीवर आणतो. राज्यसमाजवादाचा जो विचार बाबासाहेबांनी 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये कलमवार मांडला, त्याची भूक वामनदादांनी प्रश्नाच्या रूपात वस्तीत नेली.

दुसरे गाणे बाबासाहेबांना उद्देशून आहे. तुझ्या मताशी खरोखर प्रामाणिक अशी मोजकी माणसे जरी मागे उरली असती, तरी चळवळीच्या शस्त्राला वेगळीच धार असती, असा त्याचा आशय. वरवर पाहता हे स्तुतिगीत आहे. वास्तविक ते आरोपपत्र आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात श्रोताच उभा आहे. एका हाताच्या बोटांवर मावेल एवढीच संख्या कवी मागतो आणि तीही भरत नाही. हे गाणे म्हणताना हजारोंचा जमाव ठेका धरतो, तेव्हा प्रत्येक जण त्या थोड्यांत आपण आहोत असे समजून गातो. कवीचा उपरोध तेथेच आहे.

प्रत्येक गाण्याच्या शेवटी येणारी ‘वामन’ ही नाममुद्राही अर्थपूर्ण आहे. ती संतांच्या व शाहिरांच्या परंपरेतील आहे. पण मंगळवेढ्याचा चोखोबा आपल्या नावासह देवाच्या दारापाशी थांबला आणि वामन आपल्या नावासह समाजापुढे उभा राहून प्रश्न विचारतो. चोखोबाची उपेक्षा करावी, असा याचा अर्थ नव्हे. बाबासाहेबांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार व रविदास यांच्यासमवेत चोखामेळ्याच्याच स्मृतीस अर्पण केला होता. परंतु दुःख तेच असताना दाद मागण्याची जागा बदलली, हेच धम्मक्रांतीचे वाङ्मयीन फलित आहे.

प्रेम, भक्ती आणि कृतज्ञता

आता अवघड प्रश्न. भीमगीतांच्या एकूण प्रवाहात बाबासाहेबांना दैवी पुरुष करून टाकणारी रचना पुष्कळ आहे. वामनदादांची सारी गाणी या दोषापासून मुक्त आहेत, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. सहा दशकांच्या निर्मितीत प्रसंगापुरती, उपमांची पुनरुक्ती करणारी, उपकारांची केवळ यादी देणारी गाणीही आहेत. चाहत्यांना हे बोल कडू वाटतील. पण ज्याने आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले, त्याच्याविषयी प्रश्न विचारणे हा त्याचा अवमान नाही.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा धोका निःसंदिग्ध शब्दांत सांगितला. त्याआधी 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले होते. थोर पुरुषाविषयी अपार आदर व्यक्त करणे हा एक. त्याच्या आज्ञेत डोळे मिटून वागणे हा दुसरा. पहिल्यात त्यांना गैर काही दिसत नव्हते. दुसरा त्यांना घातक वाटत होता. योगायोग असा की त्याच वर्षी वामनदादांचे पहिले गाणे जन्मले.

धम्माने या पहिल्या भावनेला फार पूर्वी नाव दिले आहे : कृतज्ञता. जगात दोन माणसे दुर्मीळ, आधी उपकार करणारा आणि केलेला उपकार जाणणारा, असे तथागतांनी सांगितले. आजारी वक्कली बुद्धाच्या दर्शनासाठी व्याकूळ झाला, तेव्हा या नाशवंत देहाच्या दर्शनाने काय होणार, धम्म पाहणाराच मला पाहतो, अशी समज तथागतांनी त्याला दिली. वक्कलीचे प्रेम त्यांनी झिडकारले नाही; त्याला दिशा दिली. वामनदादांची उत्तम गाणी हेच करतात. ती बाबासाहेबांच्या मूर्तीपाशी आपल्याला घेऊन जातात आणि तेथे न थांबवता त्यांच्या मताकडे वळवतात.

आपण काय करतो आहोत?

वामनदादांवरचे आपले प्रेम मात्र वक्कलीच्या पहिल्या अवस्थेत अडकले आहे की काय, अशी भीती वाटते. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचे गाणे डीजेच्या भिंतीतून निघते तेव्हा छाती थरथरते, खिडक्यांची तावदाने थरथरतात. शब्द ऐकू येत नाहीत. पंचशिखाला मिळालेली दाद आठवावी : एका स्वराने दुसऱ्याला झाकू नये. येथे ठेका उरतो, जाब हरवतो. ध्वनिफितींच्या काळापासून गायकाचे नाव ठळक आणि रचनाकाराचे नाव बारीक किंवा गायब, हा अन्याय चालत आला. भ्रमणध्वनीच्या काळात तर इतरांच्या रचना वामनदादांच्या नावावर आणि वामनदादांच्या इतरांच्या नावावर फिरत आहेत. नाममुद्रेचे शेवटचे कडवेच कापले जाते. ज्या कवीने आयुष्यभर आपले नाव आपल्या हाताने गाण्यात कोरले, त्याचे नाव त्याच्या चाहत्यांनी पुसावे, ही शोकांतिका आहे.

तरुणांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्या हाती शुद्ध संहिता कोणी दिली? वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वामनदादांची जयंती 15 ऑगस्टला, म्हणजे वर्षावासातच येते. त्या तीन महिन्यांत आठवड्याला एक गाणे घ्यावे. प्रथम ते गद्यासारखे वाचावे, कठीण शब्दांचा अर्थ सांगावा, त्यातील प्रश्नावर चर्चा करावी आणि मग पेटी-ढोलकीवर ते म्हणावे. बुधवार पेठेतील प्रेरणाभूमीत बाबासाहेबांच्या अस्थी आपण श्रद्धेने जपल्या आहेत. त्याच वस्तीत, जुन्या गायन पार्ट्यांतील वृद्धांच्या ट्रंकेत, गाण्यांच्या वह्या आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी त्यांची नक्कल करून घ्यावी, पाठभेद नोंदवावेत, रचनाकाराचे नाव शोधून लिहावे. यासाठी अनुदान लागत नाही. एक वही, एक पेन आणि त्या वृद्धांपाशी बसण्याची सवड एवढेच लागते.

प्रेमाने गाणे जिवंत राहते, हे वामनदादांच्या बाबतीत सिद्ध झाले आहे. ते गाणे अर्थासह जिवंत राहावे, यासाठी प्रेमाला अभ्यासाची जोड हवी. त्यांनी मागितलेली ती थोडी माणसे अजून भरलेली नाहीत. पुढच्या जयंतीत ते गाणे म्हणताना आपण मोजणीत आहोत की केवळ ठेक्यात आहोत, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारले तरी या लोककवीचे ऋण काही अंशी फिटेल.

जय भीम! नमो बुद्धाय!